हारासकट

"अण्णा, हे काय करून ठेवलंय?"

"पूजा," अण्णा म्हणाले. "खंडेनवमी हाय न्हवं आज."

मी गाडीच्या मागच्या पायरीवर उभी होते, हातात झेरॉक्सची पिशवी. दीड तासापूर्वी मी गेले तेव्हा आमच्या फूडट्रकमध्ये शेगडी शेगडीच्या जागी होती, कढई कढईच्या जागी आणि आग विझवायचं लाल यंत्र भिंतीवरच्या हुकाला अडकवलेलं होतं. आता शेगडीच्या गळ्यात झेंडूची माळ होती. कढई, झारा, दोन सुऱ्या, पक्कड आणि सगळे पाने ओट्यावर एका ओळीत हळदकुंकू लावून बसले होते. आणि खाली पाटावर, भोवती रांगोळी, या सगळ्यांचा थोरला भाऊ असल्यासारखं ते लाल यंत्र. सगळ्यात जाड हार त्यालाच. पुढे विड्याची पानं, नारळ आणि पेटलेलं निरांजन.

"तूच म्हणालीस न्हवं, मी येईपर्यंत सगळं लख्ख करून ठेवा म्हणून? केलं."

"तीन वाजता साहेब येणार आहेत अण्णा!"

"येऊ देत की. प्रसाद घेतील."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीसची होते आणि सुताच्या व्यापाऱ्याकडची टेबलखुर्चीची नोकरी सोडून कटवड्याची, म्हणजे झणझणीत रश्शातल्या बटाटेवड्याची, गाडी काढायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. मॅटाडोर मिळाली ती सुताचे कोन वाहून दमलेली. ती अण्णांनी उभी केली. अण्णा म्हणजे माझे वडील, गणपती चौगुले, इचलकरंजीतले नावाजलेले जॉबर, म्हणजे यंत्रमागाचे मिस्त्री. माग बिघडला की मालक स्वतः गाडी घेऊन त्यांना न्यायला यायचा. पण ते ज्या कारखान्यात होते तो जळाला, मालकानं तो पुन्हा उभा केला नाही, आणि अण्णा दोन वर्षं घराच्या कट्ट्यावर बसून रस्ता बघत राहिले. मी मॅटाडोर आणली त्या दिवशी ते उठले, बॉनेट उघडलं आणि सात महिने त्यातून डोकं बाहेर काढलं नाही.

नगरपालिकेनं त्या वर्षी पहिल्यांदाच फूडट्रकसाठी सहा जागा आखून दिल्या होत्या. सोडतीत मला चार नंबर लागला. इंजिनिअरिंग कॉलेजचं फाटक अगदी समोर, वर झाडाची सावली. असं नशीब उघडायला लोक नवस करतात. अट एकच होती. तपासणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्नखात्याची आणि अग्निशमन दलाची, अशा दोन सह्या कागदावर हव्यात. नाही झाल्या तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. पुढचं नाव एका मोमोवाल्याचं होतं. तो सकाळपासून स्कूटरवरून आमच्या गाडीभोवती दोनदा फिरून "झालं का ताई?" असं फार गोड आवाजात विचारून गेला होता.

तपासणीची तारीख मीच मागून घेतली होती. कॅलेंडरवरचा आकडा बघितला, खालची तिथी बघितली नाही. आमच्या गावात खंडेनवमीला माग बंद असतात. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला पूजेला बसवायचं आणि दसऱ्याला सकाळी पाट हलवेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. अण्णांनी चाळीस वर्षांत नवमीला पाना उचललेला नव्हता. एका वर्षी घरातला नळ त्या दिवशी गळायला लागला, तर आईनं दिवसभर बादल्या भरल्या आणि जॉबरसाहेब शेजारी बसून बघत राहिले.

"उचला हे सगळं," मी म्हटलं.

"उद्या सकाळी."

तेवढ्यात जीप आली.

अन्नखात्याच्या लोंढे मॅडम आधी चढल्या. बारीक चणीच्या, गळ्यात दोरीला पेन. त्यांनी डब्यांची झाकणं उघडली, वास घेतला, परत घट्ट लावली. उकडलेल्या बटाट्याच्या डब्याचं झाकण बघून "झाकण चांगलं आहे" एवढं म्हणाल्या. तेवढ्यावरच मी हुरळले. मग त्या अण्णांकडे वळल्या.

"नखं बघू."

अण्णांनी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे केले.

"ही काळी कशी?"

"ऑइल हाय मॅडम. चाळीस वर्षांचं. घासून निघत न्हाई."

"तुम्ही वडे तळणार?"

"मी गाडी चालवणार. वडं ही तळणार."

"तरी आत उभं राहायचं तर डोकं झाकलेलं हवं."

अण्णांनी डोक्यावरच्या गांधी टोपीला हात लावला. मॅडमनी मान हलवली. खिडकीशेजारी खिळ्याला टोप्यांचं पाकीट टांगलेलं होतं, पातळ, फुगीर, रबर लावलेल्या शंभर टोप्या. मी त्यातली एक काढून दिली.

"ही आंघोळीची टोपी हाय," अण्णा म्हणाले.

"केस पूर्ण झाकले जातात हिनं," मॅडम म्हणाल्या. "आणि या मिशीचं काय करायचं?"

"मिशीनं काय केलंय?"

"तेही केसच ना?"

अण्णांची मिशी गावात प्रसिद्ध होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईनं मास्कचं पाकीट फोडलं. मास्कवर तडजोड झाली. आंघोळीची टोपी आणि वर मास्क अशा अवतारात अण्णा उभे राहिले आणि मला हसू आवरेना. ते हसू पुढच्याच वाक्याला गेलं.

"आता शेगडी पेटवा," मॅडम म्हणाल्या. "एक घाणा काढून दाखवा."

"आज न्हाई मॅडम," मास्कमधून आवाज आला. "आज शेगडी बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"पूजेला."

एवढ्यात अग्निशमन दलाचे पोवार साहेब वर आले. खाकी वर्दीतला जाडजूड माणूस, हात पाठीमागे. गॅसची नळी, सिलिंडरचा कप्पा, ड्रायव्हरच्या सीटजवळचं लहान यंत्र, सगळं न बोलता बघून झाल्यावर ते पाटासमोर येऊन थांबले.

"हे पण बसलंय?"

"व्हय."

"त्या लहानग्याला नुसतं एकच फूल?"

"ते धाकटं हाय," अण्णा म्हणाले.

पोवार साहेब हसले. म्हणाले, "बाई, फवारू नका. पिन कशी काढायची, नळी कशी धरायची, तेवढं करून दाखवा म्हणजे झालं."

मी पुढे झाले तर अण्णा मध्ये आले.

"पोरी, त्याला हात लावू नको."

"अण्णा, बाजूला व्हा."

"उद्या सकाळी दाखवूया. साहेब, उद्या या. सोनं द्यायला या."

"उद्या सुट्टी आहे काका. आज सही नाही झाली तर यांची जागा जाईल."

"जाऊ दे."

जाऊ दे! सात महिने त्या गाडीखाली पाठीवर पडून काढलेला माणूस जाऊ दे म्हणत होता. माझं डोकंच फिरलं. मी चार लोकांत वडिलांना कधी उलट बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुमच्या पूजेपायी माझं वाटोळं झालं तर चालेल, पण तुमचा पाट हलता कामा नये. अण्णा पाटापुढं वाकले. त्यांची एक मूठ हारावर आवळलेली होती. हट्टी माणूस रागावला की अशीच मूठ आवळतो, अशी मी समजूत करून घेतली.

पोवार साहेबांनी मध्ये पडून सांभाळून घेतलं. "काका, आमच्या स्टेशनातही सकाळी पूजा झाली. तिन्ही बंबांना हार घातलेत."

"मग तुमाला कळतंय की."

"पण वर्दी आली तर? कुठं आग लागली म्हणून फोन आला तर?"

अण्णांनी मास्क सारखा केला.

"हार काढत बसत नाही. हारासकट जातो. गेल्या नवमीला उसाच्या पाचटाची आग विझवायला गेलो, बंबाला दोन्हीकडं केळीचे खुंट तसेच. लोक रस्ता सोडीनात. त्यांना वाटलं मिरवणूक आली."

मॅडमसुद्धा हसल्या. अण्णा हसले नाहीत. "बंबाचं वेगळं. ह्याचं वेगळं," म्हणाले.

"वेगळं काय आहे?"

ते हाराची फुलं सारखी करायला लागले. पोवार साहेबांनी सुस्कारा सोडला. मग त्यांची नजर खाली गेली आणि त्यांचा आवाजच बदलला.

"आधी तो दिवा बाहेर काढा. गॅसच्या गाडीत उघडा दिवा! तोही आगीच्या यंत्रापुढं! फुंका बघू."

"दिवा फुंकत न्हाईत साहेब."

"मग विझवा कसाही."

"सणाच्या दिवशी इझवा म्हणू नये. शांत करा म्हणावं."

"काका, माझं सगळं खातंच विझवायचं आहे!"

"मी बाहेर नेऊन ठेवतो," अण्णा म्हणाले. त्यांनी निरांजन ताटलीत घेतलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि दाराकडे निघाले. दारात लोंढे मॅडम. त्यांना वाट द्यायला अण्णा खिडकीकडे सरकले, आणि बाहेरून वारा आला.

शंभर टोप्यांमधल्या नव्याण्णव अजून पाकिटात होत्या. त्या इतक्या झटकन पेटल्या की आवाजसुद्धा झाला नाही. पाकीट वितळून खाली पडलं ते कागदी डिशांच्या चळतीवर, आणि मग मात्र आवाज झाला.

मॅडम पायरीला पाय न लावता बाहेर होत्या. पोवार साहेबांनी सिलिंडरची चावी बंद आहे याची खात्री केली, मागे सरकले आणि हात परत पाठीमागे बांधले.

"बाई, मी इथं नाही असं समजा," ते म्हणाले.

अग्निशमन केंद्रात दोन दिवस मी प्रशिक्षण घेतलं होतं. सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले होते. आता त्यातलं एक अक्षर आठवेना. डिशा पेटत होत्या आणि मी वेड्यासारखी अण्णांकडे बघत होते. अण्णांच्या हातातल्या ताटलीत निरांजन अजून शांतपणे तेवत होतं. ते आगीकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे पाटावरच्या लाल यंत्रावर होते, आणि इतका घाबरलेला माणूस मी तोवर बघितला नव्हता.

"उचल!" ते ओरडले.

"अण्णा, पूजा..."

"हारासकट उचल!"

मी उचललं. नारळ गडगडत गेला. पिनेच्या कडीतून अण्णांनी हाराचा दोरा तीन वेळा ओवला होता. मी दात ओठ खाऊन ओढलं, पिन आली, पाठोपाठ झेंडूची फुलं आली. नळी आगीच्या मुळाशी धरली, दांडा दाबला. एक क्षण काहीच झालं नाही. तो क्षण मला अजून आठवतो. मग हिसका बसला आणि पांढरा लोट सुटला.

सगळं दिसेनासं झालं. आधी मॅडमचा खोकला ऐकू आला, मग हळूहळू आम्ही एकमेकांना दिसायला लागलो. ओटा पांढरा, कढई पांढरी, पोवार साहेबांचे बूट पांढरे. अण्णांनी मास्क कधी खाली ओढला होता कोण जाणे, पण मिशी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी झाली होती. निरांजनही शांत झालं होतं.

पोवार साहेबांनी घड्याळ बघितलं. "सतरा सेकंद. दोरा ओवला नसता तर बारा." बाहेर त्यांचा ड्रायव्हर जीपमधलं यंत्र घेऊन तयारीतच उभा होता, तो हिरमुसून मागे फिरला.

"मी म्हटलं न्हवतं, ती टोपी बरी न्हाई?" अण्णा एवढंच म्हणाले.

पोवार साहेबांनी रिकामं यंत्र हातात घेऊन फिरवलं. वरच्या बाजूला दाब दाखवणाऱ्या काट्याची लहानशी काच होती. तिच्यावर रुपयाएवढं कुंकू.

"हे इथं कुणी लावलं?"

"मी," अण्णा म्हणाले.

"अहो, मग आत दाब आहे की नाही ते कळणार कसं? काटा हिरव्यात आहे का लालात, हे रोज बघायचं असतं."

अण्णांनी पुढं होऊन काचेवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. पोवार साहेबांनी कागद पुढं ओढला. धाकटं यंत्र शेगडीजवळ लावा, थोरलं दुकान उघडताच भरून आणून दाखवा, गाडीत दिवा परत दिसला तर परवाना रद्द, असं तीन ओळींत लिहिलं आणि सही केली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वर्दी होती. ते घाईनं उतरले आणि जीप गेली, बॉनेटवरचा हार हलवत.

एक सही झाली. दुसरीचं काय, म्हणून मी मॅडमकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"माझ्या दृष्टीनं ही गाडी नापास आहे," त्या म्हणाल्या. "ओट्यावर पावडर, कढईत पावडर, वडिलांच्या मिशीत पावडर. हे खाण्याचं ठिकाण आहे का?"

"मॅडम, एक तास द्या."

त्यांनी बटाट्याच्या डब्याचं झाकण उघडून बघितलं. आत कणभरही पावडर गेली नव्हती. झाकण लावून त्या म्हणाल्या, "बरोबर पाच वाजता येते. घाणा काढून दाखवायचा. पूजाबिजा सांगायची नाही."

आम्ही बापलेक कामाला लागलो. मी कोरड्या फडक्यानं पावडर गोळा करायची आणि अण्णांनी साबणाच्या पाण्यानं पुसायचं. मोमोवाला तिसऱ्यांदा आला, आत डोकावला आणि काही न विचारता निघून गेला. मी अजून धुसफुसत होते. एक भांडं जास्तच जोरात आपटलं, तेव्हा अण्णा बोलले.

"पोरी, कारखान्यात बी असाच एक होता."

"काय?"

"लाल बाटला. दाराजवळ. दर नवमीला चोवीस मागांची पूजा झाली की शेवटचा हार त्याला. मीच घालायचो. काचेवर कुंकू लावायचो, म्हटलं तिथं उठून दिसतंय. अकरा वर्षं लावलं. खाली काटा कुठं हाय, कधी बघितलंच न्हाई."

माझा हात थांबला.

"त्या दिवशी मागाखालच्या कापसानं पेट घेतला. परातीएवढी आग होती गं. एवढीच. मी पळत जाऊन बाटला काढला, पिन ओढली, दांडा दाबला." अण्णांनी ओल्या फडक्यावर अंगठा दाबून दाखवला. "फुस्स बी झालं न्हाई."

कारखाना शॉर्ट सर्किटनं जळाला असं आम्हाला माहीत होतं. बाटल्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

"सगळी शॉर्ट सर्किट म्हणाली, मी बी तेच म्हणालो. मालकानं कधी बाटला भरून आणला न्हाई हे खरं. पर पूजा मी करत होतो. इतक्या जवळनं वर्षाला एकदा बघणारा मीच होतो की."

"मग मघाशी तुम्ही..."

"साहेब म्हणाले पिन काढून दाखवा, आन् मला तो बाटला आठवला. म्हटलं दांडा दाबला गेला आन् हे बी रिकामं निघालं तर? तुझ्या देखत? पूजा हाय म्हटलं की कोण हात लावत न्हाई."

"नवं कोरं आहे अण्णा ते. चार महिन्यांपूर्वी आणलंय."

"ते बी एकदा नवंच होतं," अण्णा म्हणाले आणि ओटा पुसायला लागले.

मला रडू आलं. त्यांचा आलेला राग गेला आणि स्वतःचाच आला. दोन वर्षं हा माणूस काम गेलं म्हणून कट्ट्यावर बसून आहे, असं मी धरून चालले होते. एकदा शेजारी बसून विचारलं असतं तर कदाचित त्यांनी सांगितलंही असतं. मी त्यांच्या मिशीतली पावडर पदरानं पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. आधी कढई पूस. मॅडम मिशी खाणार न्हाईत."

पाचला पाच कमी असताना मॅडम आल्या. सगळीकडून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. काही नव्हतं.

"पेटवा शेगडी."

शेगडीच्या गळ्यात माळ अजून होती. तिच्याखालून पुसलं होतं, पण ती काढायला माझा हात झाला नव्हता. चाळीस वर्षांचा नेम होता तो. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी उरलेली एकुलती टोपी कानापर्यंत ओढली, मास्क वर घेतला आणि पुढे आले. माळ काढून डोळ्यांना लावली, खुंटीला अडकवली. धाकटं यंत्र हुकावर आहे ना ते बघितलं. मग लायटर माझ्या हातात दिला.

"लाव. वर्दी आलीय म्हण."

मी शेगडी पेटवली. मॅडमनी तेलाचं तापमान मोजलं, वड्याच्या आतलं मोजलं, वहीत लिहिलं आणि सही केली. जाताना एक वडा कागदात बांधून मागितला. तो तपासायला नेला की खायला, ते मी विचारलं नाही.

आता माझ्या दोन गाड्या आहेत आणि अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. चार नंबरची जागा अजून आमचीच आहे. पाच नंबरला मोमोवाला आला, सोडतीतला एक जण नंतर गळाला म्हणून. खंडेनवमीला सहाही गाड्यांची पूजा अण्णाच करतात. निरांजन खाली रस्त्यावर, लांब. यंत्र हुकावरच, हार नुसता वरून टाकलेला, दोरा कशात ओवायचा नाही. चष्मा पुसून आधी काच बघायची, "हिरव्यात हाय!" म्हणून मोठ्यानं सांगायचं, आम्ही सगळ्यांनी मागून "हिरव्यात हाय!" म्हणायचं, मग कुंकू. तेही काच सोडून.

गेल्या वर्षी मोमोवाल्याचा काटा लालात निघाला. तो हात जोडून उभा, नारळ, पेढे, सगळं तयार. अण्णांनी काच बघितली, परत बघितली आणि कुंकवाचं ताट मागे घेतलं.

"काका, काय झालं? लावा की."

"ह्यात देव न्हाई अजून," अण्णा म्हणाले. "भरून आण, मग लावतो."